लघवीचा मार्ग तुंबल्यास उपचार कसा निवडावा

रावेर-यावलच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या अंगातून जेवढा घाम जातो तेवढे पाणी पोटात जात नाही. लघवी घट्ट होते, क्षार साचतात आणि मुतखड्याची तक्रार सुरू होते. तरीही लघवीचा मार्ग तुंबण्याचे कारण दर वेळी मुतखडाच असेल असे नाही. उतारवयातील पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, जुन्या इजेमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे आकसलेली मूत्रनलिका (मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी नळी), स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मूत्रवाहिनीवर (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीवर) येणारा दाब, अशी कारणे असतात, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपल्याला लागू पडेलच, असे धरून चालू नये.

येथे दोन निर्णय घ्यायचे असतात आणि ते वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे. तुंबलेली लघवी मोकळी करणे हा पहिला निर्णय. तो काही वेळा तासांत घ्यावा लागतो. अडथळ्याचे मूळ कारण काढणे हा दुसरा. त्यासाठी बहुतेकदा काही दिवस विचार करायला मिळतात. प्रत्यक्षात अनेक घरांत उलटे घडते, म्हणजे पहिल्या निर्णयाला उशीर होतो आणि दुसरा घाईत उरकला जातो.

कुशीत दुखत असताना थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण बंद झाली, एकच किडनी असलेल्या रुग्णाला कळ आली, रुग्ण गरोदर असली किंवा रक्तातील क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावल्यावर वाढणारा घटक) वाढू लागले, तर पानफुटीचा रस किंवा हुलग्याचे कढण देत वाट पाहू नये. ताप असलेल्या तुंबलेल्या किडनीत पू साचलेला असू शकतो. अशा वेळी मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी बारीक, लवचिक नळी) टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून आधी निचरा केला जातो आणि प्रतिजैविके दिली जातात. खडा त्याच वेळी फोडायला गेल्यास जंतू रक्तात पसरण्याचा धोका असतो. ‘खडा तसाच ठेवून नुसती नळी का टाकली?’ असे नातेवाईक अनेकदा चिडून विचारतात, पण तो निर्णय योग्यच असतो.

अडथळा मूत्राशयाच्या खाली असेल तर ओटीपोट फुगून घट्ट लागते, लघवीची भावना असते पण थेंबही येत नाही. यावर कॅथेटर, म्हणजे मूत्रनलिकेतून मूत्राशयात घातलेली नळी, हा तातडीचा उपाय असून तो साधारणपणे जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही घालता येतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या रुग्णाने ती सोय असताना तसेच तळमळत नंदुरबार गाठण्याचे कारण नाही. मात्र नळी सहज जात नसेल तर जोर न लावता पुढे पाठवावे, कारण जबरदस्तीने मूत्रनलिकेला इजा होते.

निचऱ्याची सोय झाली, किंवा तिची गरजच नाही हे ठरले, की कारण शोधावे. सोनोग्राफी स्वस्त आहे आणि किडनीची सूज दाखवते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा तिच्यातून अनेकदा निसटतो. तेथे विनाकॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध न टोचता केलेला) सीटी स्कॅन अधिक खात्रीचा. अहवाल हातात आल्यावर खडा कोठे आहे, किती मिलिमीटरचा आहे आणि किडनीला सूज आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे.

मूत्रवाहिनीतील ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरचा पडेलच असे नसते आणि त्याहून मोठा क्वचितच पडतो. ताप नाही, वेदना आटोक्यात आहे आणि किडनीचे काम ठीक आहे, अशा रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार ते सहा आठवडे थांबता येते. मात्र कळ थांबली म्हणजे खडा पडला असे समजू नये, कारण वेदना नसतानाही किडनी आतल्या आत सुजत राहू शकते; पुन्हा तपासणी करून खात्री करावी. दर कळेला मेडिकलवरून वेदनाशामक आणून खाणेही किडनीला बाधते. खडा काढायचाच ठरला तर मूत्रवाहिनीसाठी दुर्बिणीतून लेसर, आणि किडनीतील २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पाठीतून छोट्या छिद्राची शस्त्रक्रिया, असा सामान्य क्रम आहे. बाहेरून लहरींनी खडा फोडण्यात चिरफाड नसते, पण खडा फार कठीण असल्यास तो नीट फुटत नाही. गरोदरपणी आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ही पद्धत वापरत नाहीत.

प्रोस्टेटमुळे लघवी अडली असल्यास नळी ठेवून टॅमसुलोसिनसारखे औषध सुरू करतात आणि काही दिवसांनी नळी काढून पाहतात. या औषधाने उठताना चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूच्या शिबिरात जाण्यापूर्वी ते घेत असल्याचे नेत्रतज्ज्ञांना सांगणे आवश्यक असते. ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टेराइडचा पुरेसा परिणाम दिसायला सुमारे सहा महिने लागतात. लघवी वारंवार अडत असेल किंवा किडनीवर ताण येत असेल, तर दुर्बिणीतून ग्रंथी कापण्याची शस्त्रक्रिया टाळू नये. तिच्यानंतर वीर्य मागे मूत्राशयात जाण्याची शक्यता असते, हे संकोच न करता आधीच विचारावे.

खर्चाचा विचार करताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेली शस्त्रक्रिया निवडलेल्या रुग्णालयात बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) तपासावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मूत्ररोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, ते मात्र आधी विचारून घ्यावे.

स्टेंट टाकून घरी येताना तो कोणत्या तारखेला काढायचा आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. तो महिनोन्महिने आत राहिला तर त्यावरच क्षार चढून नवा खडा तयार होतो आणि मग साध्या दुर्बिणीने काढणे अवघड होते. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला जाणाऱ्याने जाण्यापूर्वीच तो काढून घेण्याची व्यवस्था करावी, आणि तारीख मध्येच येत असेल तर तो कोठे काढता येईल हे डॉक्टरांकडून लिहून घेऊनच निघावे.