भविष्यवाणी वाचूनही मन जागं होत नाही? या चुका टाळा

आमच्या नंदुरबार-नवापूर पट्ट्यात घरोघरी प्रार्थनासभा भरतात. तिथे बायबलमधली यशया, यिर्मया, दानीएल, प्रकटीकरण ही भविष्यवाणीची पुस्तकं मोठ्या ओढीनं वाचली जातात. वाचणाऱ्यांची तळमळ खरी असते. तरी वर्षानुवर्षं वाचूनही माणूस आतून हलत नाही, तेव्हा वाचायची रीत तपासावी.

सगळ्यात जास्त नडते ती एकच ओवी सुटी उचलण्याची सवय. ‘हिताचे संकल्प’ सांगणारी यिर्मया 29:11 भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मोबाइलच्या स्टेटसपर्यंत सगळीकडे दिसते. पण ती आहे एका पत्रात. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला (म्हणजे बॅबिलॉनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं ते पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया म्हणतो, 70 वर्षं! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक मोठी माणसं परदेशातच मरणार होती. त्यांना सांगणं काय, तर घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपल्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या माणसाला हे पत्र चटकन भिडेल. जिथे पोटासाठी नाइलाजानं झोपडी टाकली, त्या परक्या गावाचं भलं मागायला मन किती कां-कूं करतं! ती कां-कूं जाणवली, की वचन आत पोचू लागलं. म्हणून 28वा अध्याय आधी वाचा, मग 29वा सलग.

तारखा काढत बसू नका. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी येशूच्या परत येण्याचा दिवस म्हणून 22 ऑक्टोबर 1844 धरला होता. तो आला आणि गेला. मत्तय 24:36 मध्ये येशूनं तो दिवस कोणालाच ठाऊक नाही म्हटलंय, आणि पुढे सांगितलंय ते जागे राहायला.

आता उलटी चूक. ‘बाबेल म्हणजे माझा अहंकार’ असा सगळाच अर्थ मनात ओढून घेतला, की संदेष्ट्यांची धार जाते. आमोस 8:5 मधले व्यापारी शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी सरतो याची वाट पाहतात, एफा म्हणजे धान्याचं माप लहान करतात, खोटा तराजू धरतात. आपण यालाच मापात पाप म्हणतो. ही ओवी वाचून डोळे मिटण्याआधी कापसाच्या वजनात किती कट्टी लावली, मजुराची हजेरी किती मांडली, ते बघा. माझ्या मते आतली जागृती तिथेच खरी कळते.

लावदिकीयाच्या मंडळीला ‘कोमट’ म्हटलेलं (प्रकटीकरण 3:16) वाचताना शेजारची मंडळी आठवली, तर आपल्या मंडळीचं नाव घालून पुन्हा वाचा.

आणि नाशाच्या ओव्यांनी नुसती धास्ती बसत असेल, तर योना संदेष्ट्याचं पुस्तक घ्या. 40 दिवसांत निनवे शहर उलथणार होतं. लोक वाईट मार्गावरून वळले आणि नाश टळला. चौथा अध्याय मात्र गाळू नका. शहर वाचलं म्हणून योना चिडला. तेवढं वाचून झालं, की ज्याचं भलं झालेलं आपल्याला खपत नाही, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा.