बंदुकीच्या कारखान्यात वर्ग घेऊन जाताना: गोव्यातल्या मेकॅनिकलच्या मुलांसाठी

गोव्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा आयटीआय करणाऱ्या मुलांना औद्योगिक भेट म्हटली की वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, वास्कोची गोदी, फार तर एखादा औषधांचा कारखाना एवढंच ठाऊक असतं. बंदुका घडवणाऱ्या कारखान्याची परवानगी क्वचित मिळते, आणि मिळाली की वर्ग हरखून जातो. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, अशा भेटीला मुलं घेऊन गेले आहे. जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की तयार रायफल बघण्यात वेळ घालवू नका. ती प्रदर्शनातही बघायला मिळते. २०१६ च्या मार्चमध्ये केपे तालुक्यात नाकेरी-किटलला डिफेन्स एक्स्पो भरलं होतं, तिथेही शस्त्रं मांडलेली होतीच. कारखान्यात बघायचं ते मोजमाप.

आधी परवानगीचं. कॉलेजच्या लेटरहेडवर नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती बऱ्याच आधी पाठवाव्या लागतात, आणि ऐनवेळी नाव बदलता येत नाही. आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. वर्गातल्या एखाद्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो, घरात कुणाला त्याचं विशेष वाटतही नाही. पण संरक्षण खात्याच्या कारखान्याच्या फाटकावर तो मुलगा परदेशी नागरिक ठरतो. त्याची परवानगी वेगळी, वेळखाऊ, आणि ती मिळेलच असं नाही. यादी करतानाच हे विचारून घ्या, म्हणजे फाटकावरून कुणाला परत फिरावं लागणार नाही. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह सगळं बाहेर जमा होतं. वही आत नेऊ देतात का तेही आधीच विचारा. पुढे बूट घालायचे, केस बांधायचे, ओढणी आणि अंगठ्या नकोत. हे कुठल्याही शॉप फ्लोअरवर लागतंच.

आता नळीकडे या. सत्तरीत शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवणारी घरं अजून आहेत. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र पीळ दिलेल्या खाचा असतात, बहुधा ४ किंवा ६. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. लष्करी रायफलींत हा पीळ साधारण ७ ते १२ इंचांत एक फेरा पुरा करतो. वर्गात हे गणित करूनच जा. पीळ ७ इंचांचा, म्हणजे १७.८ सेंटिमीटरचा, आणि गोळीचा वेग सेकंदाला ९०० मीटर धरला, तर गोळी सेकंदाला ५००० हून जास्त फेरे घेते. हे उत्तर स्वतः काढलेल्या मुलाला नळीतली सूक्ष्म चूक काय करू शकते ते निराळं सांगावं लागत नाही.

भोक पाडायला जो ड्रिल वापरतात त्याला गन ड्रिलच म्हणतात. तो लांब असतो, आतून पोकळ; त्या पोकळीतून दाबाखाली तेल थेट टोकापर्यंत जातं आणि चुरा बाजूच्या खाचेतून बाहेर वाहून आणतं. तिथे थांबा आणि तेलाचा दाब, गाळणी, वेग यांबद्दल विचारा, कारण याच जातीचा ड्रिल डिझेल इंजेक्टरला आणि प्लास्टिकच्या साच्यातल्या पाण्याच्या वाटांनाही लागतो. नळीत पिळाच्या खाचा पाडायच्या पद्धती अनेक आहेत. कोल्ड हॅमर फोर्जिंगचं यंत्र चालू असेल तर कानात प्लग घालून पाच मिनिटं तिथेच उभे राहा. जाड, आखूड नळीत पिळाची उलटी छाप कोरलेली कठीण सळई घालतात आणि चारी बाजूंनी हातोडे पडतात. धातू आत दबतो, नळी बारीक होत लांबते आणि खाचा आपोआप उमटतात. ही पद्धत जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला आली.

मला सगळ्यात भावला तो नळी सरळ करणारा माणूस. पन्नाशीचा फिटर, समोर दिवा, दिव्यापुढे एक आडवी पट्टी. नळी डोळ्याला लावून तो ती बोटांवर हळूहळू फिरवत होता. पट्टीची सावली नळीच्या आतल्या भिंतीवर रेघेसारखी पडते, आणि नळी जिथे वाकडी तिथे ती रेघ मोडते. त्याने खडूने खूण केली, नळी प्रेसवर ठेवली, चाक किंचित फिरवलं, परत डोळ्याला लावली. मग आमच्या एका मुलीच्या हातात नळी दिली आणि हिंदीत म्हणाला, "अब देखो." तिला आधी नुसता उजेड दिसला. त्याने तिच्या हातातली नळी थोडी वळवली, तेव्हा तिला रेघ दिसली. असं काम यंत्रावरही होतं, पण संधी मिळाली तर अशा माणसाजवळ जरा थांबाच. त्याला घाईत प्रश्न विचारू नका, नळी खाली ठेवेपर्यंत दम धरा.

मग गेज रूम, म्हणजे भागांचं माप तपासायच्या ठरलेल्या मापाच्या साधनांची, गेजांची, खोली. मुलं इथे कंटाळतात, आणि मला वाईट वाटतं ते याचंच. इथलं तापमान २० अंश सेल्सिअस ठेवतात, कारण जगभर लांबीचं मोजमाप त्याच तापमानाला धरलं जातं. शंभर मिलिमीटर पोलाद एका अंशाने तापलं तर एका मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) थोडं जास्त वाढतं, म्हणून गेज उघड्या तळव्यात धरून गप्पा मारत उभं राहायचं नसतं. शिवाय घामाच्या बोटांचे ठसे गंज धरतात. गोव्याच्या पावसाळ्यात राहणाऱ्यांना हे पटायला वेळ लागू नये. भोक तपासताना गो गेज आत जायला हवा, त्याहून किंचित मोठा नो-गो जाता कामा नये. काडतूस बसतं त्या घराची खोलीही अशीच तपासतात: गो गेजवर बोल्ट, म्हणजे ते घर मागून बंद करणारा सरकता भाग, बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये. झाला, तर काडतुसामागे जागा जास्त आहे. बार उडताना ते फुटू शकतं.

गेजमुळे काय साधतं ते १७८५ सालीच एका पाहुण्याने पाहिलं होतं. थॉमस जेफरसन तेव्हा फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत होते. होनोरे ब्लांक नावाच्या बंदूक कारागिराने त्यांच्यापुढे पन्नास चापयंत्रांचे, म्हणजे चाप ओढल्यावर बार पेटवणाऱ्या यंत्रणांचे, सुटे भाग मांडले. जेफरसननी हाताला येतील ते भाग उचलून काही यंत्रं स्वतः जोडली आणि ती चपखल बसली. आजही काही रायफली खोलून, भाग मिसळून, परत जोडून, झाडून बघतात. ही चाचणी बघायला मिळाली तर नशीब समजा.

प्रूफ फायरिंग काचेमागूनच दिसतं. नेहमीपेक्षा साधारण पाव पट जास्त दाबाचं काडतूस झाडतात, मग नळी परत मोजतात आणि चुंबकीय कणांनी तडे शोधतात. त्यानंतरच नळीवर चाचणी पार केल्याचा ठसा.

परतीच्या वाटेवर एका मुलाने विचारलं, "मॅडम, शेवटी हे माणसं मारायलाच ना?" हा प्रश्न टाळू नका. मी त्याला म्हटलं, हो, त्यासाठीही. सीमेवरच्या जवानाच्या हातातलं हत्यार ऐनवेळी दगा देणार नाही यासाठीही. हे काम नको वाटलं तर नको म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि तेच मोजमाप तुला शस्त्रक्रियेची अवजारं बनवणाऱ्याकडेही उपयोगी पडेल. तो गप्प झाला. त्याचं समाधान झालं की नाही ते मी विचारलं नाही.

आपल्या भूमीलाही हा धंदा नवा नाही. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांचं मोठं शस्त्रागार होतं आणि इथले कारागीर तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार पेटवायच्या, बंदुका घडवत. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर ज्या बंदुका पोचल्या, त्यांच्या घडणीचं मूळ अनेक अभ्यासक गोव्याकडे शोधतात.

नोकरीचा विचार असेल तर रचना समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ राहिलेलं नाही; त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. कानपूर, तिरुचिरापल्ली आणि इशापूरचे रायफलींचे कारखाने ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे आहेत, तिचं मुख्यालय कानपूरला. खडकी आणि वरणगावचे दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे, तिचं पुण्याला. २००१ पासून खासगी कंपन्याही या क्षेत्रात येऊ शकतात. वाट बहुतेक वेळा अप्रेंटिसशिपमधून जाते. आयटीआयला फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रोप्लेटर हे ट्रेड चालतात. डिप्लोमावाल्यांना एक वर्षाची अप्रेंटिसशिप, तिची नोंदणी नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर. नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत एकच आहे ना, ते आजच बघा. आपल्याकडे आडनाव मराठी पद्धतीने आणि पोर्तुगीज पद्धतीने, असं दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि अर्ज तिथेच अडतो.