शिपची टूर न घेता सँटोरिनी कसं बघायचं

ग्रीसच्या या बेटावर क्रूझ धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभी राहते आणि छोट्या बोटीने खाली जुन्या बंदरावर सोडतात, गाव (फिरा) वर कड्यावर. वर जायला केबल कार, गाढव नाहीतर जवळजवळ 600 पायऱ्या. केबल कारच घ्या, गाढवावर बसू नका, बिचारी उन्हात दिवसभर माणसं वाहतात. एकाच दिवशी तीन-चार शिप असल्या की रांग एवढी लागते की तासभर तिथेच जातो, म्हणून जमेल तितक्या पहिल्या बोटीने उतरा.

वर आलात की बसस्टँड गाठा, ओइयाची (बेटाच्या उत्तर टोकाचं प्रसिद्ध गाव) बस पकडायची, तिकीट आतच कंडक्टर देतो, अगदी आपल्या एसटीसारखं, सुटे युरो ठेवा. पाचेक तासच असतील तर ओइया सोडा सरळ. फिराहून शेजारच्या इमेरोविग्ली गावापर्यंत कड्याच्या काठाने चालत जा, व्यू तोच आणि गर्दी कमी. ऊन फार वाटलं तर फिरातलं प्रिहिस्टॉरिक म्युझियम, तिथे अक्रोतिरीतली (याच बेटावर उत्खननात सापडलेलं प्राचीन गाव) निळ्या माकडांची चित्रं आहेत, ज्वालामुखीच्या राखेखाली साडेतीन हजार वर्षं गाडलेली!! व्हेज असाल तर तोमातोकेफ्तेदेस मागवा, टोमॅटोची भजीच म्हणा ना.

परतीची रांग सकाळपेक्षा वाईट असते. शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी केबल कारपाशी या, फारच गर्दी दिसली तर पायऱ्यांनी उतरा, पण चप्पल घालून नको, दगड गुळगुळीत झालेत आणि गाढवांची लीद पडलेली असते. आणि हो, घड्याळ शिपच्या टाइमला लावा, आपल्यासाठी कोणी थांबत नाही.