कासवर कामाला येणाऱ्यांनो, शून्य लिहा

कास पठारावर फुलं आणि कीटकांचं काम करायला नवीन मुलं येतात, तेव्हा मी आधी त्यांची वही मागते. शून्य लिहिलंय का, एवढंच पाहते. माझ्या पहिल्या हंगामाच्या वहीत एकही शून्य नव्हतं, आणि तो अख्खा हंगाम वाया गेला.

विषय तुम्हाला माहीत आहेच. जांभा दगडाच्या सपाट सड्यावर बोटभर माती. तेरडा, गेंद, सीतेची आसवं, सोनकी, सगळ्यांना फुलणं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उरकायचं असतं. पावसाने ओढ दिली की माती सुकते. उलट झड लागली तर फुलं असतात, पण सातेरी मधमाशी पोळ्याबाहेर पडत नाही. पाऊस बदलला तर ही चुकामूक वाढते का, हे आपल्याला पाहायचंय.

मी चौकट आखून पंधरा-पंधरा मिनिटं तेरड्यासमोर बसायचे. कीटक आला की नोंद. धुकं उतरलं आणि कोणीच फिरकलं नाही की वही मिटायची. जानेवारीत आकडे मांडायला बसले आणि कळेना: कोऱ्या जागी मी बसले होते नि कोणी आलं नाही, की मी तिथे नव्हतेच? समजा तुम्ही दहा वेळा बसलात. चार वेळा मिळून १२ भेटी, सहा वेळा काहीच नाही. शून्यं गाळलीत तर सरासरी ३. धरलीत तर १.२. त्यात वर्ष जितकं वाईट तितकी शून्यं जास्त, म्हणजे शोधायला आलो तो बदलच आपल्या हाताने पुसला जातो. म्हणून प्रत्येक बैठकीला वेळ, तापमान, धुकं-पाऊस, उघडी फुलं किती आणि भेटी ०, हे लिहायचंच. चौकटीत एकही फूल नसलं तरी लिहायचं.

नुसत्या शनिवार-रविवारी बसू नका, मधल्या वारीही जा. २०१२ मध्ये कास जागतिक वारसा यादीत आलं, आणि सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. ते आकडे पावसाचे की माणसांचे, हे नंतर सांगता येत नाही.

भेट म्हणजे परागीभवन नव्हे, हेही. तेरड्याचं फूल भिंगाखाली धरा: आधी पुंकेसरांची जुळलेली टोपी दिसते, ती गळाली की आतला स्त्रीकेसर उघडा पडतो. टोपी असलेल्या फुलावर माशी दहादा बसली तरी त्या भेटींनी त्या फुलात बी धरणार नाही. फुलाची अवस्था लिहा, आणि काही कळ्यांना मलमलीची पिशवी बांधून ठेवा, म्हणजे कीटकाशिवाय बी धरतं का ते कळेल.

कीटक ओळखायला मोबाइलवर विसंबू नका, ही माझी ठाम समजूत. आणि मार्गदर्शक निवडताना त्यांची पुस्तकं मोजू नका, पावसात ते तुमच्यासोबत चिखलात बसतात का ते विचारा. माझे सर एकदाही आले नाहीत. आले असते तर ती कोरी पानं पहिल्याच आठवड्यात त्यांच्या नजरेस पडली असती.

दोन हंगामांच्या नोंदींवर 'हवामानबदल' सिद्ध झाल्याचं लिहू नका, कोणी कितीही घाई करो. पण घाबरूही नका. दुसऱ्या वर्षी मी एका सकाळी ओळीने अकरा शून्यं लिहिली. बाराव्या बैठकीला ऊन पडलं आणि निळ्या पट्ट्यांची एक माशी आली. त्या अकरांमुळेच तिची नोंद आज कामाची आहे.

पेन्सिल न्या. धुक्यात शाई पसरते.