शिष्यवृत्तीची तयारी: आधी बँक, मग दाखले, शेवटी फॉर्म

सातारा-सांगलीकडे शिष्यवृत्तीचे पैसे योजना नाही म्हणून क्वचितच अडतात. अडतात ते बँकेच्या खात्यापायी, नाहीतर दाखल्यावरच्या एका अक्षरापायी. म्हणून सुरुवात बँकेपासून करा.

‘आधार लिंक आहे’ एवढं ऐकून काउंटरवरून उठू नका. केवायसीला दिलेलं आधार वेगळं आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं, वेगळं. शिष्यवृत्ती शेवटचं सीडिंग झालेल्या बँकेत जाते. मुलाने मोबाइलवर कुठल्याशा पेमेंट बँकेत खातं उघडलेलं असतं, रक्कम तिथे पडते आणि घरचे गावातल्या शाखेत पासबुक भरत बसतात. ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस उघडा, बँकेचं नाव आणि शेजारी ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. पतसंस्थेच्या खात्यावर विसंबू नका. ओटीपीसाठी आधारला मुलाच्या हाताशी असलेला नंबर जोडा. जावळी-पाटणकडे वडील मुंबईत माथाडी, नंबर त्यांचा आणि फॉर्म भरायला मुलगा सेतूत, असं हमखास होतं.

नावं अक्षरागणिक ताडून पाहा. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि गुणपत्रिकेवर ‘दत्तात्रेय’ असेल तर आत्ताच आधार दुरुस्त करून घ्या, गुणपत्रिका बदलणं फार जिकिरीचं.

उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतरच काढा. फेब्रुवारीत काढलेल्या दाखल्याची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते आणि फॉर्म सुरू होतात तेव्हा तो कुचकामी ठरतो. शेतकऱ्यांनी सातबारा, आठ-अ आणि रेशनकार्ड घेऊन आधी तलाठ्याकडे जावं. नोकरदारांना पगारपत्रक किंवा फॉर्म १६ लागतो. नॉन-क्रिमीलेअरचा दाखलाही त्याच सुमाराला. जात पडताळणीचा अर्ज मात्र अकरावी-बारावीतच करा, प्रवेशाच्या हंगामात नाही.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, अनुदानित किंवा नगरपालिका-जिल्हा परिषदेची हवी. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि सैनिकी शाळेतली मुलं यात बसत नाहीत, तेव्हा साताऱ्याच्या सैनिक स्कूलची तयारी करणाऱ्यांनी हे धरून चालावं. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि तेच जास्त राहून जातं.

बारावीनंतर महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. व्यावसायिक अभ्यासक्रमाला खुल्या गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. ती एका घरातल्या दोघांनाच आणि कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून प्रवेश असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातली किंवा अभिमत विद्यापीठातली जागा घेतली की हा दरवाजा बंद, हे डोनेशनची बोलणी करताना कोणी सांगत नाही. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे.

कागद स्कॅन करताना प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत ठेवा, पण शिक्का वाचता आला पाहिजे. फॉर्मची प्रिंट कॉलेजच्या क्लार्ककडे द्या आणि दर पंधरवड्याला स्टेटस पाहा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर कारण वाचून मुदतीत दुरुस्त करा आणि पुन्हा सबमिट करा. नुसतं दुरुस्त करून ठेवलेला अर्ज तुमच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो.