डीएमएचा बिघाड शोधायला बसण्याआधी

डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डिव्हाइसने थेट रॅममध्ये लिहिणं-वाचणं. सिरियल कन्सोल, डेटाशीट, लिनक्स कर्नलचा सोर्स, बोर्ड हवा तेव्हा रीसेट करायची सोय. हे सांगायला नको. डेटाशीटबरोबर इराटाही (चिपमधल्या माहीत असलेल्या चुकांची यादी) उतरवून ठेवा. तो वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, तरी वाचा.

आता मुद्द्याचं. सिंक. म्हणजे रॅम आणि प्रोसेसरची कॅश (त्याने जवळ ठेवलेली रॅमची प्रत) यांचा मेळ घालणं. कागदावर सगळ्यात वर हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहा आणि मग मशीन चालू करा. मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरलो आणि चार दिवस घालवले. रिसीव्ह रिंगमध्ये, म्हणजे आलेली पॅकेट ठेवायच्या गोल रांगेत, 256 बफर होते, एकदाच मॅप करून (डिव्हाइसला चालेल असा पत्ता देऊन) पुन्हा पुन्हा वापरायचे. एक्स86 डेस्कटॉपवर ड्रायव्हर आठवडाभर चालला, कुठे खोट नाही. एआरएम बोर्डावर चढवला, तर पहिली 256 पॅकेट चोख आणि 257व्यापासून कचरा. 256 हा आकडा दिसल्यावर कोणाच्याही डोक्यात काय येईल? रिंगची फेरी संपताना इंडेक्स चुकतोय. मीही तेच धरून बसलो. आठ बिटांचा काउंटर कुठे दडलाय ते शोधलं. रिंग 512ची केली, तर बिघाड 513व्या पॅकेटवर सरकला, मग तर माझी खात्रीच पटली. शेवटी हेक्स डंप नीट वाचला तेव्हा कळलं, की तो कचरा नव्हताच. बरोबर 64च्या पटीत सुरू होणारे 64 बाइटांचे तुकडे, आणि त्यांत त्याच बफरात मागच्या फेरीला आलेलं पॅकेट. त्या बोर्डावर कॅश लाइन, म्हणजे कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा, 64 बाइटांची. डिव्हाइसने नवं पॅकेट रॅममध्ये बिनचूक ठेवलं होतं, प्रोसेसर कॅशमधली जुनी प्रत वाचत होता. पहिल्या फेरीत ते बफर अजून कोणी वाचलेच नव्हते, म्हणून तेवढी फेरी निभावली.

म्हणजे करायचं इतकंच: बफर डिव्हाइसकडून आला की वाचण्याआधी ‘सिंक फॉर सीपीयू’, परत देण्याआधी ‘सिंक फॉर डिव्हाइस’. दरवेळी मॅप-अनमॅप करत असाल तर ते काम त्यातच होतं. बफर मॅप ठेवूनच वापरत असाल तर ते तुमच्या गळ्यात. ‘डेस्कटॉपवर तर चालतंय’ हे वाक्य तोंडातून काढू नका. एक्स86वर कॅश आणि डीएमए यांचा मेळ हार्डवेअरच ठेवतं, तिथे सिंक विसरलात तरी काही दिसत नाही.

दिसायला लावता येतं, आणि हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! डेस्कटॉपवर आयओएमएमयू (डिव्हाइसचे पत्ते रॅमच्या पत्त्यांत बदलणारं हार्डवेअर) बंद ठेवा आणि कर्नलच्या कमांड लाइनवर ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी’ला ‘फोर्स’ द्या. मग प्रत्येक मॅप मधल्या बाउन्स बफरातून जातो आणि आलेला डेटा तुमच्या बफरात फक्त सिंक किंवा अनमॅपच्या वेळी उतरतो. सिंक नसेल तर पहिलंच पॅकेट रिकामं. माझे चार दिवस पाच मिनिटांत आटोपले असते.

कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबग चालू करून घ्या. मॅपिंग एरर न तपासणं, अनमॅप करताना चुकीचा आकार किंवा दिशा देणं, स्टॅकवरचा बफर मॅप करणं, असल्या चुका ते पकडतं. पण दोन गोष्टी. एक, मुळात ते पहिलीच चूक लॉगमध्ये छापतं आणि पुढच्या नुसत्या मोजतं, म्हणून डीबगएफएसमधला (कर्नल आतली माहिती फायलींच्या रूपात दाखवतो ती जागा) चुकांचा आकडाही पाहा. नोंदींना मेमरी पुरली नाही तर ते स्वतःच बंद होतं, तेही तिथेच कळतं. दोन, गाळलेला सिंक त्याला कळत नाही. मधल्या वेळात प्रोसेसरने बफराला हात लावला की नाही, हे त्याला कुठून कळणार? लॉग साफ दिसला म्हणून सिंकवरची नजर काढू नका.

मास्क. म्हणजे डिव्हाइसला किती बिटांपर्यंतचा पत्ता झेपतो ते. ड्रायव्हरने सांगितला नाही तर 32 बिट धरला जातो. डिव्हाइसला झेपेल त्यापेक्षा मोठा सांगितलात तर पत्त्याचे वरचे बिट गळतात आणि डेटा भलत्याच जागी जाऊन पडतो. शंका आली तर कमांड लाइनवर ‘मेम’ला 2 जीबीची मर्यादा घालून बूट करा. बिघाड गायब झाला, तर आधी मास्ककडेच वळा.

तपासणीची दुसरी फेरी आयओएमएमयू चालू ठेवून, आणि ‘स्ट्रिक्ट’ मोडमध्ये. एरवी अनमॅपनंतरही जुना पत्ता काही काळ चालू राहतो आणि उशिरा लिहिणारं डिव्हाइस निसटतं. आयओएमएमयूने लॉगमध्ये छापलेल्या फॉल्टच्या ओळीतला पत्ता तुम्ही छापलेल्या डीएमए पत्त्यांशी ताडून बघा. न छापताच बसणार असाल तर बसूच नका.

बफर डिव्हाइसला देण्याआधी तो ओळखीच्या बाइटने भरून ठेवा, म्हणजे डिव्हाइसने कुठवर लिहिलं ते दिसेल. पण भरलात की मागून ‘सिंक फॉर डिव्हाइस’! नाहीतर कॅशमध्ये राहिलेला तुमचाच नमुना नंतर रॅममध्ये उतरतो आणि आलेल्या डेटावर जाऊन बसतो. शोधायला काढलेली युक्ती स्वतःच बिघाड करते. सिंक, सिंक, सिंक. त्याच स्ट्रक्टमध्ये बफराला खेटून एखादा काउंटर असेल तर तो बाहेर काढा, दोघांची कॅश लाइन एक असली तर हाच खेळ होतो.

डिस्क्रिप्टर (बफर कुठे आहे ते डिव्हाइसला सांगणारी नोंद) भरून झाल्यावर, मालकीचा बिट उलटवण्याआधी बॅरियर, म्हणजे आधीचं लिखाण आधीच पोचेल अशी हमी देणारी आज्ञा. रिलॅक्स्ड राइटने (क्रमाची हमी न देणारं लिखाण) डोअरबेल वाजवत असाल, म्हणजे काम तयार असल्याचं डिव्हाइसला कळवत असाल, तर तिथेही.

बाकी भराभर. पीसीआय असेल तर डिव्हाइसला डीएमए करू देणारा बस मास्टर बिट. डिस्क्रिप्टरचा एंडियन, म्हणजे बाइटांचा क्रम. स्कॅटर-गॅदर (विखुरलेल्या तुकड्यांची यादी) अनमॅप करताना मॅपला दिलेला तुकड्यांचा मूळ आकडा द्यायचा, मॅपने परत दिलेला नव्हे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरचं हार्डवेअर कर्नलला सांगणारी यादी) ‘डीएमए-कोहेरंट’, म्हणजे कॅशचा मेळ हार्डवेअरच ठेवतं असं, खोटं लिहिलेलं नाही ना ते बघा, ते असलं तर तुमचे सिंक असून नसल्यासारखे. ड्रायव्हर काढताना आधी डिव्हाइस थांबवा, मग बफर सोडा.

आणि दुरुस्तीनंतर रिंगच्या निदान दोन फेऱ्या होतील इतकी पॅकेट सोडा. दोनशे पॅकेट नीट आली म्हणून खूश होऊन मी एकदा खुर्चीवरून उठलो होतो.