कागद न बघता सभेत सहा मुद्दे कसे मांडावेत

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत पुनर्विकासाच्या सभा चालूच असतात. तिथे एक प्रकार हमखास घडतो. घरून सहा मुद्दे ठरवून आलेला सभासद उठतो, दोन मुद्दे मांडतो, तेवढ्यात मागून कोणीतरी ‘अहो, मुद्द्यावर या’ म्हणून ओरडतं आणि उरलेले चार थेट घरी जाताना जिन्यात आठवतात. मग बदामाची पुरचुंडी उघडली जाते. बदाम खायला माझी ना नाही, पण इथे त्यांचा काही उपयोग नाही.

कारण मुद्दे डोक्यातून गेलेले नसतात, ऐन वेळी सापडत नाहीत एवढंच. बोलताना आपण जे मनात धरून ठेवतो, ते मानसशास्त्रज्ञांच्या भाषेत कार्यकारी स्मृतीत असतं, आणि तिथे जागा फार थोडी. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये ती साधारण चारवर आणली. त्यातच पुढचं वाक्य जुळवायचं, अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघायचं, छातीतली धडधड सांभाळायची. सहा मुद्दे तिथे मावणारच नाहीत. म्हणून ते अशा गोष्टीला बांधायचे, जी दीर्घकालीन स्मृतीत आधीच पक्की बसलेली आहे. उदाहरणार्थ, रोजचा रस्ता.

पहिली पायरी: मुद्दे छाटा. प्रत्येक मुद्द्याचा एकच शब्द. समजा आपले शब्द असे: कार्पेट (नव्या घराचं भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ), भाडं (काम चालू असताना बिल्डरने द्यायचं), कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), गॅरंटी (बिल्डरने शब्द मोडला तर पैसे देण्याची बँकेची हमी), पार्किंग, आणि हमी (घरबांधणीवरच्या रेरा कायद्यातली, बांधकामातल्या दोषांबद्दलची, 5 वर्षांची). मुद्दा एका शब्दात मावत नसेल तर तो बहुधा तुम्हालाच अजून नीट कळलेला नाही. आधी तो समजून घ्या.

दुसरी पायरी: रस्ता निवडा. ठाण्याच्या माणसाला फार शोधायला नको. स्टेशनबाहेरचा बसगाड्यांचा सॅटिस पूल, जांभळी नाक्याचा बाजार, कौपिनेश्वर मंदिर, तलावपाळीचा कट्टा, बोटिंगची जागा, गडकरी रंगायतन. सहा ठिकाणं, ठरलेला क्रम, एकमेकांपासून अगदी वेगळी. एकसारख्या दिसणाऱ्या सहा दुकानांची रांग घेऊ नका, गोंधळ होईल. कोपरखैरण्याचे किंवा वाशीचे असाल तर तुमचा रस्ता घ्या. माझा उसना घेऊन फायदा नाही.

ही युक्ती फार जुनी. ग्रीक कवी सिमोनिडीस मेजवानीतून बाहेर पडला आणि मागे दालनाचं छत कोसळलं. कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने मृतांची ओळख पटवली, अशी कथा रोमन वक्ता सिसेरोने लिहून ठेवली आहे. कथा खरी-खोटी असो, जागा लक्षात ठेवण्यात आपला मेंदू तरबेज आहे हे खरंच. हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट ठिकाणी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी असतात. मेंदूतल्या या दिशादर्शक यंत्रणेच्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला 2014 चं नोबेल मिळालं.

तिसरी पायरी: प्रत्येक ठिकाणी एक चित्र. ते त्या जागेशी गुंतलेलं हवं. नुसतं शेजारी ठेवलेलं चित्र घसरून जातं. सॅटिसवरून टीएमटीच्या बसऐवजी गुंडाळलेला अवाढव्य गालिचा गडगडत खाली येतोय: कार्पेट. जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडतायत, पण जुड्या नोटांच्या आहेत आणि मावशी ‘या महिन्याचं भाडं घ्या’ म्हणून ओरडतायत. कौपिनेश्वराची दानपेटी ओसंडून वाहतेय: कॉर्पस. कट्ट्यावर टाय लावलेला बँक मॅनेजर एका हाताने भेळ खातोय, दुसऱ्या हातात बिल्डरची कॉलर: गॅरंटी. तळ्यातल्या प्रत्येक होडीत एकेक मोटार उभी: पार्किंग. आणि रंगायतनच्या दारात वरून पाणी गळतंय, खाली पाच वर्षांचं पोर छत्री धरून उभं: पाच वर्षांची हमी. वाचताना हसू आलं तर उत्तम.

पाठांतर करूनही हे जमेल की, असं कोणी म्हणेल. पाढे आठवा. ‘सात आठे?’ असं कोणी मध्येच विचारलं की पुष्कळांना ‘सात एके’पासून सुरुवात करावी लागते. घोकलेल्या भाषणाचंही तसंच: मधला एक दुवा तुटला की पुढचं सगळं जातं. इथे भाड्याचा मुद्दा आठवला नाही तरी कौपिनेश्वर जागेवरच असतो; तिथून पुढे चालू पडायचं.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच गाळतात. यादी पुन्हा पुन्हा वाचू नका. कागद पालथा घाला आणि आठवून बघा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच ‘पाठ झालं’ समजतो. फसगत होते ती इथेच.

एकाच रात्री वीसदा आठवूनही फार हाती लागत नाही. सभा रविवारी असेल तर सोमवारी चित्रं लावा, त्याच रात्री मनातल्या मनात त्या रस्त्याने एकदा फेरी मारा, मग मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. थोडं विसरायला झालं की मगच आठवायचं. ती ओढाताणच कामाची. लोकलमध्ये उभ्याउभ्या होण्यासारखं काम आहे. शनिवारची फेरी मात्र घरात उभं राहून, मोठ्याने बोलून करा, कारण सभेतही तुम्ही तसेच उभे असणार. आणि त्या रात्री झोपा. झोपेत नव्या आठवणी पक्क्या होतात. पहाटे तीनपर्यंत जागून उजळणी केलीत तर त्याच कामात अडथळा येतो.

आकडे मात्र कागदावरच ठेवा. किती चौरस फूट, किती रुपये, हे चिठ्ठीत बघून सांगण्यात कमीपणा नाही, उलट समोरचा जरा सावरून बसतो.

सभेत कोणी मध्ये तोंड घातलं तर कुठल्या ठिकाणी थांबलात एवढंच मनात ठेवा, उत्तर द्या आणि तिथूनच पुढे निघा.

पुढच्या महिन्याच्या सभेसाठी हाच रस्ता लगेच वापरू नका. जुना गालिचा अजून सॅटिसवर पडलेला असतो आणि नव्या चित्रांत घुसतो. तेव्हा राम मारुती रोड घ्या, किंवा गोखले रोडने तीन हात नाक्याकडे निघा.